डेल्फाबाईंचा नसलेला काका

२४ ऑगस्ट २००३, रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. ही वेळ माझ्या वहीत आहे, कारण मी तेव्हा भाड्याच्या खोलीची तपासणी करायला गेले होते आणि कोणत्याही तपासणीचा आरंभ वेळ टिपून करावा, असे मला शिकवले गेले होते. मिनिआपोलिसच्या दक्षिण भागातल्या त्या दुमजली लाकडी घराचे दार साठी ओलांडलेल्या एका उंच, सडपातळ बाईंनी उघडले. त्यांच्या एका हातात फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच, होते आणि दुसऱ्या हातात कपडे वाळत घालायचा चिमटा. त्यांनी माझे नाव विचारले नाही. फिडल माझ्या कानाशी आणून हलवले. आत काहीतरी खुळखुळले.

"आतली पट्टी सुटलीय," मी म्हणाले. यांत्रिक अभियांत्रिकीत कंपनांवर पीएच.डी. करण्यासाठी मी नुकतीच पुण्याहून आले होते आणि प्रत्येक आवाजाला कारण असते, अशी माझी श्रद्धा होती.

"पट्टी नाही, साप आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे सापाची शेपटी. साप जाऊन चाळीस वर्षं झाली. खोली वर आहे, डॉक्टर."

पदवी मिळायला अजून पाच वर्षे होती, पण त्या क्षणापासून मी डेल्फा क्रंप यांची 'डॉक्टर' झाले. त्या माझ्या डेल्फाबाई झाल्या. हे नाव मी मनात वापरीत असे. तोंडाने नुसते डेल्फा म्हणावे, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

अमेरिकेत एक विषारी साप असतो, त्याच्या शेपटीच्या टोकाला खुळखुळा असतो. डोंगराळ भागातले जुने फिडलवादक तो वाद्याच्या पोटात टाकून ठेवतात. कशासाठी, याची डेल्फाबाईंनी एका आठवड्यात तीन कारणे दिली: उंदीर शिरत नाही, दमट हवा शिरत नाही आणि सैतान शिरत नाही. मी ते फिडल प्रयोगशाळेत नेले, खुळखुळ्यासह आणि खुळखुळ्याविना स्वरांचे मापन केले आणि दोन आलेख त्यांच्यापुढे ठेवले. फरक शून्य होता.

"तुझ्या प्रयोगशाळेत उंदीर होता?" त्यांनी विचारले.

"नाही."

"सैतान?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

"मग फरक दिसेल कसा?"

प्रयोगाच्या रचनेतली ती त्रुटी मला आजही खोडून काढता आलेली नाही.

त्यांचे चरित्र सांगायचे तर ते लवकर आटोपते. केंटकीच्या डोंगरात जन्म, विसाव्या वर्षी लग्न, नवऱ्याच्या नोकरीपायी मिनेसोटा, एक मुलगी, पुढे वैधव्य. सव्वीस वर्षे लोणच्याच्या कारखान्यात बरण्यांवर लेबले लावण्याचे काम. उरलेल्या वेळात फिडल आणि गाणे. लग्ने, शेतीच्या अवजारांचे लिलाव, टायरच्या दुकानाचे उद्घाटन, असे कोठेही त्या वाजवीत. एकदा एका मोठ्या जत्रेत त्यांना मुख्य मंचावर वीस मिनिटे मिळाली होती, डुकरांची शर्यत आणि लोण्याचा पुतळा यांच्या मधली. "व्हायोलिन वाजवणाऱ्याला पगार असतो, फिडल वाजवणाऱ्याला जेवण," असे त्या म्हणत. त्यांचे दुसरे वचन असे होते: "धून पाठ झाली की वाजवू नये. विसरायला आली की वाजवावी."

फिडलच्या तारा त्या फ्रिजच्या घरघरीशी जुळवीत. ती घरघर कोणत्याही मान्य स्वराशी जुळत नाही, हे मी मोजून दाखवले होते. परंतु रविवारच्या बैठकीतले सगळे वादक डेल्फाबाईंशी तारा जुळवीत, त्यामुळे एका चर्चच्या तळघरात दर आठवड्याला जमणारी डझनभर वाद्ये वस्तुतः आमच्या फ्रिजशी जुळलेली असत. फ्रिज बिघडला तेव्हा दुरुस्त करणाऱ्याला त्यांनी बजावले, "थंड नाही झाला तरी चालेल. आवाज बदलला तर याद राख."

आता मुख्य मुद्दा. या डोंगरी लोकसंगीतात एक शिस्त आहे. धून वाजवण्याआधी ती आपण कोणाकडून घेतली, हे सांगायचे. शोधनिबंधाला संदर्भसूची असते, तसेच हे. स्रोत जितका म्हातारा, जितका दुर्गम आणि जितका मृत, तितकी धून श्रेष्ठ. डेल्फाबाई आपल्या उत्तमोत्तम अकरा धुनी आणि गाणी वाजवण्यापूर्वी म्हणत, "ही अंकल झेबकडून." तिकडे जुन्या वादकांना अंकल म्हणायची पद्धत आहे, आपण काका म्हणतो तशी. अंकल झेब हॅचर आंधळे होते, अविवाहित होते, त्यांचा एक पाय आखूड होता, म्हणून त्यांच्या धुनींत मध्येच अर्धी मात्रा गळे. ते खेचराखाली सापडून वारले होते.

या झेबचे सर्वांत मोठे अभ्यासक म्हणजे लेनर्ड. हे निवृत्त दंतवैद्य होते आणि बँजो वाजवीत. पूर्वी रुग्णांचे कार्ड करीत तसे ते आता धुनींचे कार्ड करीत: नाव, सूर, स्रोत, शेरा. बैठकीत कोणी धून वाजवली की लेनर्ड पेन काढून विचारीत, "आणि ही कोणाकडून?" तोच स्वर, जो पूर्वी 'दुखतं कुठे?' विचारताना लागत असावा.

२००५च्या सप्टेंबरात मी डेल्फाबाईंना जवळच्या ईडन प्रेरी उपनगरात मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नेले. मुलांची नाटुकली आणि पुलाव यांच्यामध्ये पंधरा मिनिटे मोकळी होती. सुलभाकाकूंनी ती डेल्फाबाईंना देऊन टाकली. सुलभाकाकू नागपूरच्या. लग्नाआधी बारा वर्षे शास्त्रीय गाणे शिकलेल्या, आता ईडन प्रेरीत नातवंडांना सांभाळणाऱ्या. डेल्फाबाईंनी फिडल छातीला टेकवून दोन धुनी वाजवल्या, एक गाणे म्हटले. प्रसाद नावाचा माझा एक आयटीतला मित्र म्हणाला, "यार, हे तर एकदम लेझीमला चालेल." काकूंचा नातू म्हणाला, "आजी, कॅन वी ईट नाऊ?" काकूंनी दोघांकडेही दुर्लक्ष केले.

"अगं, यांना विचार, गुरू कोण?"

"काकू, त्यांच्यात तसं गुरू वगैरे नसतं."

"कोणाकडून शिकल्या ते विचार. काही आपोआप येत नाही बाई."

मी विचारले. डेल्फाबाई सवयीने म्हणाल्या, "अंकल झेबकडून."

"कान!" सुलभाकाकू ओरडल्या. "गुरूचं नाव असं कोरडं घेतात का? कानाच्या पाळीला हात लावायचा. हं, असा." आणि त्यांनी स्वतः डेल्फाबाईंचा हात धरून त्यांच्या उजव्या कानाला लावला. "आता म्हणा. झेबकाका."

"झेबकाका," डेल्फाबाई कान धरून म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला अपराध्यासारखा वाटला. मला त्याचे कारण तेव्हा ठाऊक नव्हते. मी ते पोटातल्या भुकेवर ढकलले.

पुढच्या रविवारी बैठकीत त्यांनी झेबचे नाव घेतले आणि हात आपोआप कानाला गेला. कोणी काही विचारले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मेंडोलिन वाजवणाऱ्या गृहस्थांनी झेबचे नाव घेताना कान धरला. महिन्याभरात सारी बैठक धरू लागली. २००६च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या एका मेळाव्यात, आम्हांला मुळीच न ओळखणारी एक तरुणी झेबची धून वाजवण्याआधी कान धरताना मी पाहिली. लेनर्डनी लेख लिहिला. केंटकीच्या डोंगरात स्रोताचे नाव घेताना कानाला स्पर्श करण्याची प्रथा होती आणि ती बहुधा स्कॉटलंडच्या धनगरांबरोबर आली, असे त्यांचे प्रतिपादन होते.

"लेनर्ड, ही प्रथा नागपूरची आहे," मी त्यांना सांगितले. "ती गेल्या वर्षी ईडन प्रेरीत सुरू झाली. मी साक्षीदार आहे. प्रसंगाची तारीख माझ्याकडे आहे."

लेनर्डनी फार ममतेने माझ्याकडे पाहिले. "म्हणजे भारतातही आहे! बघ, किती प्राचीन असेल."

या लेखापाठोपाठ त्यांनी झेबवर एक पुस्तिका छापली. ती घरी आली त्या दिवशी डेल्फाबाईंनी स्वयंपाकघरात उभ्याने वाचली आणि फिडल पेटीत ठेवून पेटीवर लोणच्याची बरणी ठेवली. दोन दिवस ती बरणी हलली नाही. तिसऱ्या दिवशी मी पुस्तिका उघडली. सतराव्या पानावर एका गाण्याबद्दल लिहिले होते. ते गाणे मला ठाऊक होते. बाळंतपणानंतर बाई पहिल्यांदा केस विंचरायला बसते, अर्धे विंचरून होतात, तोच बाळ रडते. त्या अर्ध्या विंचरलेल्या केसांचे गाणे. लेनर्डनी लिहिले होते: 'एका आजन्म अविवाहित, अंध पुरुषाला हे कसे दिसले, हे प्रतिभेचे गूढ आहे.'

"गूढ कसलं डोंबलाचं," डेल्फाबाई म्हणाल्या. "रोंडा तीन आठवड्यांची होती. मी खिडकीत बसले होते."

रोंडा म्हणजे त्यांची मुलगी. ती डलासमध्ये विमा विकते.

"मग झेब?"

"झेब नाही."

"म्हणजे वारले."

"म्हणजे नाहीच. कधी नव्हता."

अठराव्या वर्षी त्यांनी गावच्या नाचाला स्वतः रचलेली धून वाजवली होती. म्हाताऱ्या वादकांनी विचारले, "कोणाची?" त्या म्हणाल्या, "माझी." म्हाताऱ्यांनी वाद्ये खाली ठेवली आणि ते पाय खायला निघून गेले; पाय म्हणजे सफरचंदाची भरलेली पोळीच म्हणा. पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या खोऱ्यात, तीच धून. "कोणाची?" "अंकल झेबची. वरच्या ओढ्याकडे राहायचे. गेल्या हिवाळ्यात गेले." त्या रात्री ती धून सगळ्यांनी उचलली. मग लोक प्रश्न विचारीत गेले आणि झेब वाढत गेला. चेहऱ्याचे वर्णन विचारले, तेव्हा सोपे पडावे म्हणून आंधळा केला. बायकोचे विचारले, अविवाहित केला. अर्धी मात्रा का गळते, हे विचारले, तेव्हा पाय आखूड केला.

"खरं कारण काय?" मी वही उघडली.

"आमच्या स्वयंपाकघरातली एक फळी निघाली होती. ताल धरताना पाय तिथं टेकवता यायचा नाही."

मला फार समाधान वाटले. प्रत्येक आवाजाला कारण असते.

मी त्यांना सांगितले की आमच्याकडे कवी अभंगाच्या शेवटच्या ओळीत आपले नाव गुंफतो. आणि कितीएकांनी स्वतःच्या रचनेत एखाद्या थोर संताचे नाव गुंफून ती चालवूनही दिली आहे. अशा रचनेला आम्ही प्रक्षिप्त म्हणतो, म्हणजे मागाहून घुसडलेली.

"मग माझी गाणी घुसडलेली?"

"गाणी अस्सल आहेत. तुमचा संत घुसडलेला आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. दोन बोटांचे सांधे सुजून गाठींसारखे झाले होते. "डॉक्टर, ही बोटं अजून दोन वर्षं चालतील. फार तर तीन. त्याआधी एकदा तरी माझं गाणं माझं म्हणून वाजवायचंय. रोंडालासुद्धा वाटतं, तिच्या जन्माचं गाणं एका आंधळ्या म्हाताऱ्यानं केलं."

"मग सांगून टाका. असत्य विधान मागे घेणं हे शास्त्रात रोजचं आहे."

किती भाबडा सल्ला होता तो! झेब आता मागे घेण्याजोगा राहिला नव्हता. लेनर्डना केंटकीतल्या एका वृद्धाश्रमात ब्याण्णव वर्षांच्या आजीबाई सापडल्या. त्यांना झेब चांगले आठवत होते. तरुणपणी त्यांच्याबरोबर त्या नाचल्या होत्या.

"तिला मिशासुद्धा आठवतात," डेल्फाबाई अस्वस्थ होऊन म्हणाल्या. "मिशांचं मी कधी ठरवलंच नव्हतं."

आजीबाईंच्या साक्षीवर लेनर्डनी वर्गणी गोळा केली. एका छोट्या चर्चने आवारात जागा दिली आणि सप्टेंबर २००७मध्ये झेब हॅचर यांच्या स्मृतिशिलेचे अनावरण ठरले. अनावरण अर्थातच डेल्फाबाईंच्या हस्ते. लेनर्डच्या व्हॅनमधून आम्ही चौदा तास प्रवास केला. डेल्फाबाई वाटेत दोनच वाक्ये बोलल्या. पहिले, "तिथं सांगते." दुसरे, "दगडाचं गिऱ्हाईक दुसरं कोणी मिळेल का?"

साठएक माणसे जमली होती. शिलेवर जन्मवर्षही कोरलेले होते. ते डेल्फाबाईंनी कधीतरी लेनर्डच्या टुमण्याला कंटाळून सांगितले होते. लेनर्डनी झेबचे नाव उच्चारले आणि साठ हात साठ कानांना गेले. डेल्फाबाईंनी कापड ओढले. मग त्या लोकांकडे वळल्या.

"झेब हॅचर नावाचा कोणी माणूस नव्हता," त्या स्पष्ट म्हणाल्या. "अकराच्या अकरा मी केली. मीच झेब आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "किती एकरूप झालीय त्यांच्याशी," त्या शेजारणीला म्हणाल्या.

"तसं नाही हो," डेल्फाबाई ओरडल्या. "खोटं बोलले मी!"

"आणि नम्रता बघा," लेनर्ड गहिवरून म्हणाले.

मला राहवले नाही. मी उठले आणि पुरावे मांडले: स्वयंपाकघरातली फळी, सतराव्या पानावरचे गाणे, शेवटी कान. "ही कान धरायची पद्धत नागपूरची आहे. दोन वर्षांपूर्वी इथल्या कोणालाही ती माहीत नव्हती."

"नागपूर," पाद्रीबुवांनी सौजन्याने विचारले, "हे टेनेसीत आलं का?"

परतताना एका पेट्रोल पंपावरून डेल्फाबाईंनी रोंडाला फोन लावला. बोलणे एका मिनिटात आटोपले.

"काय म्हणाली?"

"गोळ्या वेळेवर घेतेस ना, म्हणाली."

त्या हिवाळ्यात घर शांत होते. बोटांच्या गाठी वाढल्या. अवघड धुनी त्यांनी सोडून दिल्या. एकदा मी म्हणाले, की दावा तपासण्याची पद्धतच चुकली. जुन्या अकरा धुनींवर झेबचा हक्क इतका पक्का बसला आहे, की त्या हिशेबातून वगळल्याच पाहिजेत. नमुना नवा हवा, ज्याला झेबचा स्पर्श झालेला नाही.

"म्हणजे नवी धून कर, असंच ना? मग तसं म्हण की. नमुना काय!"

"पण आधी स्रोत सांगायचा. वाजवण्यापूर्वी."

"आणि वाद्यं खाली ठेवली तर?"

"तर तो निष्कर्ष."

त्यांनी मला बटाटे सोलायला लावले. या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

मे २००८मध्ये माझा प्रबंध मान्य झाला. दूरच्या राज्यात, बेलव्ह्यूला नोकरी मिळाली होती, सामान बांधून झाले होते. ४ मे, रविवार, माझी शेवटची बैठक. तळघरात नेहमीचे रिंगण, घडीच्या खुर्च्या, डेल्फाबाईंसह चौदा वाद्ये. या बैठकीत टाळी वाजवत नाहीत. एकच धून फेरीमागून फेरी वाजवली जाते; पसंत पडली, तर ऐकणारे ती पुढच्या फेरीत उचलतात. नाही पडली, तर वाजवणारा एकटाच वाजवून थांबतो. डेल्फाबाईंची पाळी आली. त्यांनी फिडल छातीला टेकवले आणि गज तारेवर न ठेवता म्हणाल्या, "नवी आहे."

लेनर्डनी कोरे कार्ड काढले. "आणि ही कोणाकडून?"

"कोणाकडूनही नाही. मी केली."

"हो, पण मुळात—"

"मुळात मंगळवारी. भांडी घासताना."

"परवाच्या मंगळवारी?"

"त्याच्या आधीच्या."

कोणीतरी खुर्चीत चुळबुळ केली. माझ्या पलीकडच्या माणसाने गिटार मांडीवरून खाली उतरवली, हे मी पाहिले. डेल्फाबाईंनीही पाहिले असणार. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सुरुवात केली. धून छोटी होती, सुजलेल्या बोटांना झेपेल अशी. दुसऱ्या भागात एक स्वर इतका लांबत होता, की तो कोठे उतरायचे ते विसरला आहे, असे वाटावे. आणि मग तो अगदी अनपेक्षित जागी, पायरी मोजून टाकल्यासारखा उतरे.

मी वही काढली. पहिली फेरी: एक. दुसरी फेरी: एक. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्या फेरीत मेंडोलिनवाल्या गृहस्थांनी तो लांबणारा स्वर हळूच चाचपून पाहिला: दोन. चौथ्या फेरीत तो स्वर उतरण्याची जागा सगळ्यांना सापडली असावी, कारण तेथे एकदम पाच-सहा गज पडले आणि खाली ठेवलेली गिटार पुन्हा मांडीवर आली: आठ. डेल्फाबाईंनी डोळे उघडले. त्या कोणाकडेही पाहत नव्हत्या. समोरच्या भिंतीवरच्या विजेच्या बटणाकडे पाहत होत्या.

बँजो तेवढा आडवा पडला होता. लेनर्ड अजून कार्डावर वाकलेले होते. मी मान लांब करून पाहिले. स्रोताच्या रकान्यात त्यांनी 'डेल्फा क्रंप' असे लिहिले होते, त्याखाली 'मंगळवार', त्याखाली 'भांडी', आणि आणखी काही विचारायचे राहिले आहे का, या विवंचनेत ते पेन हवेत धरून बसले होते. पाचवी फेरी सुरू झाली. मी पुन्हा मोजले. चौदा वाद्यांपैकी वाजत असलेली: तेरा.